डब्यातल्या धोत्र्याचा बाप

१

श्रीशैल मेला तेव्हा त्याच्या पुढ्यात माझ्या आईच्या हातची भज्जी होती.

सकाळी आरतीनं प्रयोगशाळेचं दार उघडलं. मशीन चालू, पंखा चालू, आणि श्रीशैल खुर्चीवरून घसरून खाली पडलेला. टेबलाचा पाय त्यानं दोन्ही हातांनी कवटाळला होता. डोळे सताड उघडे, बुबुळं नुसती काळी. टेबलावर स्टीलचा डबा, त्यात दोन घास उरलेले. झाकणावर माझ्या बापाचं नाव कोरलेलं: भीमाशंकर, उदगीर.

आदल्या दिवशी येळवस होती. मार्गशीर्षातली अमावास्या. लातूरकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांना दरवर्षी सांगावं लागतं. त्या दिवशी गावात कुत्रं सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे, आंबील शिंपत ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ ओरडत पिकाला फेरा मारायचा. आणि भज्जी खायची. ओली तूर, वाल, हरभरा, मेथी, चुका, शेतात जे हिरवं असेल ते सगळं बेसन लावून तासन्‌तास शिजवलेलं. वाटेनं जाणारा अनोळखी माणूससुद्धा जेवल्याशिवाय सोडत नाहीत. जो येऊ शकला नाही त्याला डबा जातो.

यंदा मी आमच्या प्रयोगशाळेला बोलावलं होतं. विष्णुपुरीच्या धरणापलीकडं आमचं खाजगी संशोधन केंद्र आहे. श्रीशैल, आरती आणि मी तिथं डॉ. दयानंद सरांच्या हाताखाली काम करतो. काम एकच: झाडांचे जीन वाचायचे आणि कोण कोणाचं भावंड, कोण कोणाचा पूर्वज, याचा वंशवृक्ष मांडायचा. आमचं झाड म्हणजे धोत्रा.

शेतात एकटे सर आले. सोवळ्याचा माणूस. गाडीतून उतरले ते हातात फूल घेऊनच. पांडवांपुढं वाकले, फूल ओल्या चुन्यात टेकवलं, आंबील घेऊन फेऱ्यातही ओरडले. माझे वडील, अप्पा, खूश झाले. “एवढा शिकलेला माणूस, पर देवधर्म सोडला न्हाई बगा.”

सर निघताना आईनं त्यांच्या हातात डबा दिला. आमच्यात आईला अव्वा म्हणतात.

“ह्यो श्रीशैलला. लेकरू मशिनीपाशी उपाशी बसलंय म्हणं.”

मी तिथंच उभी होते. झाकण मी स्वतः दाबलं.

पोलिसांनी अव्वाला नेलं तेव्हा तिच्या हाताला मेथीचा वास होता.

२

उदगीरच्या फौजदाराचं नाव आदिनाथ. वाईट माणूस नव्हता. पण त्याला उत्तर सापडलं होतं, आणि उत्तर सापडलेला माणूस फार भीतीदायक असतो. तो प्रश्न विचारतो ते उत्तरावर झाकण घट्ट बसवायला.

“पोराच्या डोळ्यांच्या बाहुल्या फाकल्या त्या धोत्र्यानं. मावशी, धोत्रा वळखता का?”

“न वळखायला काय झालं?” अव्वा म्हणाली. “श्रावणात दर सोमवारी म्हादेवाला वाहते की.”

मी तिचा हात दाबला. उशीर झाला होता.

“म्हंजी चुकून पडला असं म्हणता येत न्हाई,” आदिनाथ शांतपणे म्हणाला. “मोठ्या पातेल्यातली भज्जी पन्नास माणसं जेवली, एकाला बी काही झालं न्हाई. इख फक्त डब्यात, धोत्र्याच्या पाल्याचं. डबा भरला तुमी. आणि दसऱ्याला हाच पोरगा तुमच्या घरी मागणी घालाया आला तवा तुमी काय म्हणला होता?”

अव्वानं मान खाली घातली. तेही खरं होतं. ती म्हणाली होती, “कंत्राटावरच्या पोराला लेक देन्यापरीस हिरीत ढकलीन.” साऱ्या गल्लीनं ऐकलं होतं.

“आवं सायेब, रागात माणूस बोलतंय! त्याच पोराला म्या डबा धाडला न्हवं?”

“तेच तर म्हणून राहिलो मी.”

अव्वा एकदम सरळ बसली. “येक सांगा. येळवशीला आमच्या बांधावर धोत्र्याला पाला कुठं असतो? बोंडं फुटून काड्या ऱ्हात्यात. पाला आणू कुठून म्या?”

आदिनाथनं हे मनावर घेतलं नाही. मी घेतलं. बाईचं बोलणं तक्रार म्हणून ऐकायचं, पुरावा म्हणून नाही, ही आपली पद्धत.

“पाला तुमच्या बांधावरचाच हाय,” तो म्हणाला. “तुमच्या पोरीच्याच सरांनी तपासून दिलंय. काळा धोत्रा. हरितकणातला जीन का काय तो वाचून.”

मी खुर्ची पुढं ओढली.

“आणि केंद्रकातले?” मी विचारलं. “केंद्रकातले जीन वाचले का?”

“ताई, एक जीन सापडला, गुन्हेगार सापडला. अजून किती पायजेत?”

त्याला कळलं नव्हतं. मला कळलं होतं. पानातल्या हिरव्या कणांना स्वतःचे थोडे जीन असतात, पण धोत्र्यात ते फक्त आईकडून येतात. बाप कोण, हे त्यांना ठाऊकच नसतं. आई आणि बाप दोघं बघायचे तर पेशीच्या केंद्रकातले जीन वाचावे लागतात. नुसत्या हरितकणावरून वंश ठरवला तर सर आमचा कागद तोंडावर फेकत. “अर्धं सत्य घेऊन माझ्यापुढं यायचं नाही!” हे त्यांचंच वाक्य.

आणि त्याच माणसानं अर्ध्या सत्यावर माझ्या आईला कोठडीत घातलं होतं.

३

“बाळ, शिजलेल्या भाजीत केंद्रकातले जीन टिकत नाहीत,” सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. “तुकडे तुकडे होतात. मी प्रयत्न केला. मला काय आनंद झाला असेल का?”

मी मान हलवली. पण आम्ही निजामाच्या काळात वाळवून कागदावर चिकटवलेल्या पानांतून असेच तुकडे वेचून शेकडो जीन जुळवले होते. तेच तर आमचं कसब. ते सरांनीच शिकवलं.

सर खोटं का बोलतील? मी स्वतःला समजावलं, की थकलेत. त्यांचा माणूस गेलाय. माणसाला घाबरायचं नसलं की तो स्वतःला काहीही समजावतो.

डीप फ्रीजरमध्ये डब्यातल्या भज्जीचा काढलेला अर्क थोडा उरला होता. मी तो घेतला. मशीन लावत होते, तर मागं आरती उभी. पांढरीफटक.

“काय करून राहिलीस गं?”

“नेहमीचं काम.”

“खोटं बोलू नको, अक्षरा. मला पण विचारलं पोलिसांनी. डबा तूच गरम करून दिला ना म्हणून.”

“दिलास का?”

“हाव. मायक्रोव्हेवमध्ये ठेवला, त्याच्या पुढ्यात दिला आणि घरी गेले.” ती दाराकडं बघून हळू बोलली. “मी पण खाणार होते त्यातलं. सर म्हणले, तुझ्यासाठी खीर वेगळी आणलीय, ती खा. मी खीर खाल्ली. नसती खाल्ली तर...”

“त्या दिवशी तुझं आणि श्रीशैलचं भांडण झालं होतं. वॉचमननं ऐकलंय.”

ती दचकली. “कामावरून.”

“कसल्या कामावरून?”

आरती वळून निघून गेली. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा वाजत होता. त्यात शेडनेटची किल्ली होती. शेडनेटमध्ये आम्ही धोत्रे वाढवतो.

मी दाराला आतून कडी घातली. आपल्याच प्रयोगशाळेत.

४

मशीननं दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली. डब्यातल्या धोत्र्याची आई काळा धोत्राच होती, सर म्हणाले तसाच. पण बाप पांढरा, केसाळ धोत्रा. तो आमच्याकडच्या बांधावर होत नाही. सरांनी बाहेरून बी आणलं होतं, संकर करून बघायला. म्हणजे तो पाला बांधावरचा नव्हताच. तो आमच्या शेडनेटमधल्या संकराचा होता.

दुसरी गोष्ट मी दोनदा तपासली. भज्जीतल्या हरभऱ्याचे, मेथीचे, तुरीचे जीन कुटून भुगा झालेले. बरोबरच आहे, अव्वानं पहाटेपासून शिजवलेली भज्जी. धोत्र्याचे तुकडे मात्र लांबच लांब. म्हणजे धोत्रा शिजलाच नव्हता. भज्जी तयार झाल्यावर, डबा भरल्यावर, कच्चा वाटून कोणीतरी वरून कालवला होता.

डब्याचं झाकण मी दाबलं. त्यानंतर तो दोनच माणसांच्या हातात होता. सर आणि आरती. शेडनेट दोघांनाही उघडं.

मी शेडनेटमध्ये गेले. भर दुपार, जाळीतून पडलेलं हिरवट ऊन. संकराची ओळ जिथं होती तिथं मोकळी माती.

“ती जाळली.”

आरती पाठीमागं कधी आली कळलंच नाही. माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

“दिवाळीच्या आधीच. पांढरी माशी पडली म्हणून सर म्हणले सगळी उपटून जाळ. मीच जाळली. श्रीशैल रडला होता, त्यानं केलेला संकर ना तो.”

“माशी पडली होती?”

“मला तर न्हाई दिसली.”

“सगळी जाळलीस? एकूण एक?”

दिवाळीआधी जाळलेल्या झाडाचा हिरवा पाला येळवशीच्या डब्यात येत नाही. एक झाड कुठंतरी जिवंत होतं. कोणीतरी त्याला पाणी घालत होतं.

आरतीनं तोंड उघडलं. “एक कुंडी...” आणि ती थांबली. ती माझ्या खांद्यावरून मागं बघत होती.

“दोघी इथं आहात होय!” सर दारात उभे होते. हातात डबा. “अक्षरा, कधीपासून उपाशी आहेस, बाळ? घरून आणलंय. चल, बस.”

त्यांनी झाकण काढलं. आत पालेभाजी होती.

५

मी बसले.

सर समोर बसले. भाकरी मोडली, भाजी लावून घास माझ्यासमोर धरला. मी त्या घासाकडं बघत राहिले. हिरवा, ओलसर, लसणाचा वास. शेकडो जीन वाचलेली बाई मी, मला एक पान ओळखता येईना.

“घे ना.”

“सर, तुम्ही आधी.”

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हसले, आणि घास स्वतःच्या तोंडात टाकला. चावून चावून खाल्ला. दुसरा घेतला. तिसरा.

“पालक आहे,” ते म्हणाले. “तुला काय वाटलं?”

शरमेनं मेल्यासारखं झालं. त्या शरमेच्या खाली भीती तशीच गारढोण पडून होती.

“मशीनवर तू काय लावलं होतंस ते मी बघितलं,” सर हात पुसत म्हणाले. “पुसून टाक. अर्धवट पुरावा कोर्टात आईच्याच अंगावर येतो. तिला सांग, कबूल कर म्हणावं. घाईत खुडलं, नजर चुकली. मी आदिनाथशी बोलतो. निष्काळजीपणावर निभावेल. नाहीतर खुनात जाईल ती. तुझी पदवी माझ्या सहीवर, तुझी आई माझ्या शब्दावर. समजतंय ना, बाळ?”

“हो सर.”

आमच्याकडं गाईडपुढं हेच दोन शब्द बोलायचे असतात. या दोन शब्दांवर किती पोरांची वर्षं कुजली त्याचा वंशवृक्ष कोणी काढत नाही.

ते गेले. आरती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली.

“मीच सांगितलं त्यांना. फोन करून. येळवशीच्या सकाळी.”

“काय सांगितलंस?”

“श्रीशैल मशीनवर काय वाचून राहिलाय ते.”

सरांचं नाव ज्या कामानं झालं ते काम म्हणजे मराठवाड्यात सापडलेली धोत्र्याची एक नवी जात. तिला त्यांनी स्वतःच्या वडिलांचं नाव दिलं होतं. सगळं हरितकणाच्या आणि पानाफुलांच्या जोरावर. केंद्रकातले जीन वाचले असं छापलं होतं, पण वाचले नव्हते. श्रीशैलनं काळा आणि केसाळ धोत्रा यांचा संकर केला, तर रोपं हुबेहूब त्या नव्या जातीसारखी उगवली. म्हणजे जात नवी नव्हतीच. सरांच्याच बागेतून सुटलेला संकर होता. ओळ जाळली गेली तेव्हा श्रीशैलनं सरांच्या मूळ नमुन्याचं वाळलं पान घेतलं आणि येळवशीला, सगळे बाहेर असताना, मशीनला लावलं.

“मला म्हणला, उद्या सरांची जात मरते,” आरती म्हणाली. “मी म्हणले गप बस, आपले पगार जातील. त्यावरनं भांडलो. मला वाटलं सर रागावतील फक्त.”

“आणि ती एक कुंडी?”

“त्यांच्या गाडीत ठेवली होती मीच. म्हणले, फूल सुंदर आहे, महादेवाला होईल.”

फूल.

बाहेरून जांभळं, आतून पांढरं, देठावर बारीक लव. ते फूल मी बघितलं होतं. ओल्या चुन्यात टेकवताना.

६

मुखेडमार्गे उदगीरची एसटी पकडली. सारी वाट मागं बघत होते, सरांची पांढरी गाडी दिसते का म्हणून. पांढऱ्या गाड्या खूप दिसल्या.

शेतात पोचले तर अप्पा कोप मोडत होते. अव्वा नाही, घरात चूल नाही, माणूस दुसरं काय करणार? कडबा ओढून बैलांपुढं टाकत होते.

“अप्पा, थांबा! पांडव कुठंयत?”

“हितंच की. पांडवांना कोण हात लावतंय? तुझी अव्वा वाहिलेलं फूल बी काढू देत न्हाई, आपसूक गळू द्यावं म्हणती.”

पाच दगड. मधल्यावर चुन्यात रुतून वाळलेलं फूल, कागदावर चिकटवलेल्या नमुन्यासारखं. देठ चुन्याच्या बाहेर राहिला होता.

मी हात लावला नाही. आदिनाथला बोलावलं. तो कंटाळत आला, पण आला. फोटो काढून घेतले, फूल स्वतःच्या हातानं सीलबंद केलं.

“ताई, वाळक्या फुलानं काय होतंय?”

“तुम्ही पाल्याची आई विचारली होती,” मी म्हणाले. “मी बाप विचारून राहिले. आणि हे सरांकडं नको, बाहेर पाठवा.”

आदिनाथनं फूल आणि पोलिसांकडची सीलबंद भज्जी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत धाडली. ते दिवस मी उदगीरच्या घरात काढले, दार लावून. सरांचे फोन येत. “बाळ, जेवतेस ना?”

उत्तर आलं त्या दिवशी आदिनाथनं तज्ज्ञाचं मत हवं म्हणून सरांना ठाण्यात बोलावलं. मी, आरती, अप्पा होतो. अव्वाला आणून बसवलं होतं.

“सर, तुम्हीच शिकवलंत,” मी बोलायला लागले. “जाळलेली ओळ संकराची पुढची पिढी होती, तिच्यात प्रत्येक रोप वेगळं. भावंडं खरी, पण आईबापांच्या जीनची वाटणी प्रत्येकात निराळी, माणसासारखीच. डब्यातला पाला आणि पांडवांवरचं फूल भावंडंसुद्धा नाहीत. एकच झाड आहे ते. पाला शिजलेला नव्हता, म्हणजे अव्वाच्या पातेल्यातला नाही. ओळ दिवाळीआधी जळाली, म्हणजे शेडनेटमधला नाही. ते झाड ज्याच्या घरी होतं त्यानंच येळवशीला त्याचं फूल हातात आणलं. पन्नास माणसांनी बघितलं. वाटलेला पाला गाडीत होता. अव्वानं डबा दिला नसता तरी तुम्ही मागून घेतला असता.”

“फूल कुठंही मिळतं,” सर म्हणाले.

“कुठंही न्हाई, सर,” आदिनाथ म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज बदलला होता. “तुमच्या गच्चीवरच्या कुंडीपाशी आमची माणसं उभी हायेत. तिचं बी पान वाचून घेऊ.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फार साधेपणानं म्हणाले, “मी देवासाठी नेलं होतं ते. रोज वाहतो. रिकाम्या हातानं देवापुढं कसं जायचं?”

अव्वा सरांकडं वळली.

“म्हादेवाला फूल,” ती म्हणाली, “आन लेकराला पाला.”



अव्वा घरी आली. लोक भेटून गेले. अटकेच्या दिवशी ज्यांनी आमच्या दारात थुंकलं होतं तेच आधी आले. दुसऱ्या दिवशी ती घरामागच्या परड्यात गेली, मेथी खुडून आणली, निवडायला बसली. मी आत होते. बराच वेळ निवडण्याचा आवाज आला नाही म्हणून बाहेर आले.

तिनं एक काडी हातात धरली होती. डोळ्याजवळ नेत होती, लांब धरत होती. जन्मभर अंधारात, बोटांनी भाजी निवडलेली बाई.

“अक्षरा,” ती म्हणाली, “बघ गं जरा. मेथीच हाय न्हवं ही?”

“मेथीच आहे, अव्वा.”

“नीट बघ.”

मी नीट बघितली. एकेक काडी. तिनं भाजी केली, ताट वाढलं आणि स्वतः घास घेईना. मी पहिला घास तोंडात घातला, चावला, गिळला.

अव्वा माझ्या डोळ्यांकडं बघत राहिली.